बसली म्हणजे चालली असं नाही: कोल्हापूरच्या बाजारातल्या पॉवर कॉर्ड

टीव्हीची किंवा कॉम्प्युटरची वायर गेली की गिऱ्हाईक जुनी वायर पिशवीत घालून दुकानात जातं, काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "असलीच द्या एक." दुकानदार खालच्या खोक्यातल्या गुंत्यातून तसल्याच तोंडाची एक ओढून काढतो. तोंड बसतं, दिवा लागतो, पैसे दिले जातात. या सगळ्या व्यवहारात मधल्या वायरीकडे कुणीच बघत नाही. तोंडाचा आकार ठरलेला असतो, तो कुठल्याही साच्यातून निघतो. आत तांबं किती घालायचं हे मात्र बनवणाऱ्याच्या मर्जीवर. राजारामपुरीतली कॉम्प्युटरची दुकानं, लक्ष्मीपुरी-शाहूपुरीकडची इलेक्ट्रिकलची दुकानं, सर्व्हिस सेंटर आणि ऑनलाइन, या सगळ्यांच्या मालात खरा फरक आहे तो इथेच.

तोंडांचं आधी उरकून घेऊ. आठाच्या आकड्यासारखं दोन भोकांचं तोंड म्हणजे सी-७, जुने लोक अजून 'टेपरेकॉर्डरची वायर' म्हणून मागतात; टीव्ही, सेट टॉप बॉक्स, लहान प्रिंटर यांना ते लागतं. मिकी माऊसच्या डोक्यासारखं तीन भोकांचं सी-५ लॅपटॉपच्या अडॅप्टरला. सीपीयू, मॉनिटर, लेझर प्रिंटर, अ‍ॅम्प्लिफायर यांना सी-१३. पहिल्या दोघांची मर्यादा २.५ अँपियर, सी-१३ची १०. सी-७ मध्ये एक बाजू चौकोनी असलेला प्रकारही येतो. चौकोनी तोंड गोल खाचेत जात नाही, गोल तोंड मात्र चौकोनी खाचेत बसतं, त्यामुळे शंका असेल तर वस्तूची खाच बघूनच जावं. टीव्ही भिंतीला चिकटून बसवला असेल तर काटकोनात वळलेलं तोंड घ्या. वायर वर वळते की खाली, हेही बघायचं, नाहीतर ती स्टँडला अडते.

काही किटल्यांच्या आणि गरम होणाऱ्या वस्तूंच्या खाचेत मध्ये एक छोटा उंचवटा असतो. तिथे सी-१५ लागतं, ज्याच्या तोंडाला त्या उंचवट्यासाठी खोबण असते. सी-१३ बनतं ७० अंश सेल्सियसच्या हिशेबाने, सी-१५ बनतं १२० च्या. साध्या सी-१३ला ब्लेडने खोबण पाडून देणारे कारागीर आपल्याकडे कमी नाहीत. तोंड बसतं, आणि काही महिन्यांत प्लास्टिक मऊ पडून आतली पितळी पकड ढिली होते.

आता मुख्य मुद्दा, वायर. तिच्या सालीवर काय छापलंय ते उजेडात धरून वाचा. भारतीय मालावर आयएस ६९४ (वायरींचं भारतीय मानक), आयएसआयचा शिक्का, त्याखाली सीएम/एल म्हणजे लायसन्सचा आकडा, आणि तारांची संख्या व जाडी असते, जसं की '३ बाय ०.७५ चौरस मिमी'. दुकानात याला नुसतं 'पाऊण एमएम' म्हणतात. युरोपच्या पद्धतीची वायर असेल तर 'एच०५व्हीव्ही-एफ ३जी०.७५' असं रोमन अक्षरांत दिसेल: तीन तारा, त्यातली एक हिरवी-पिवळी अर्थिंगची, प्रत्येक पाऊण चौरस मिमी. 'एच०३' ने सुरू होणारी दोन तारांची चपटी वायर सी-७ला चालते. अमेरिकन मापात १८ एडब्ल्यूजी असेल तर जाडी ०.८२ चौरस मिमी, ठीक आहे. पण अमेरिकेच्या बाजारासाठीच्या अशा कॉर्डच्या पिनेवर बऱ्याचदा १२५ व्होल्ट छापलेलं असतं. आपल्याकडे २३० येतात, ती कॉर्ड पिनेचा कन्व्हर्टर लावूनही वापरू नका. ज्या वायरीवर काहीच छापलेलं नाही, किंवा नुसतंच 'हाय क्वालिटी' छापलंय, तिची बाजू घ्यायला काही उरत नाही.

पाऊण एमएमच का, अर्धा का नाही? कंपन्यांच्या तक्त्यात ०.५ चौरस मिमीला साधारण ४ अँपियर देतात, ०.७५ला ७ च्या आसपास. म्हणजे एका टोकाला १० अँपियरचं सी-१३, दुसऱ्या टोकाला ६ अँपियरची थ्री पिन आणि मध्ये अर्धा एमएम वायर, अशी कॉर्ड शेवटी ४ अँपियरचीच. आणि खोक्यातल्या मालात बऱ्याचदा तो अर्धा एमएमही भरत नाही. साल जाड, आत बारीक तारा मोजक्याच, त्याही तांब्याच्या नाहीत. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ थर. अशा तारेचा विरोध तांब्याच्या दीडपटीहून थोडा जास्त असतो. दीड मीटर लांबीच्या खऱ्या पाऊण एमएम कॉर्डमधून ६ अँपियर गेले तर जाऊन-येऊन ०.०७८ ओहम धरून सुमारे २.८ वॅट उष्णता होते, हाताला जेमतेम कोमट. तीच कॉर्ड ०.३ चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर उष्णता ११ वॅटच्या घरात जाते. वर ती कॉर्ड गुंडाळून, रबर लावून सोफ्यामागे टाकलेली असेल तर ही उष्णता जाणार कुठे?

'एमसीबी आहे की' हे उत्तर इथे उपयोगाचं नाही. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, भिंतीतल्या वायरीला सांभाळतो. १६ अँपियरचा एमसीबी नियमाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे १८ अँपियरला तासभर पडत नाही, आणि १.४५ पट, म्हणजे २३ अँपियरला तासाभरात पडला तरी तो पास. चार अँपियरची कॉर्ड त्याआधीच वितळलेली असते. इंग्लंडमधल्या पिनेत फ्यूज असतो तसा आपल्या पिनेत नसतो, त्यामुळे कॉर्डचं रक्षण करणारं दुसरं काही मध्ये नाही.

हे सगळं टीव्हीला लागू नाही, हेही सांगायला हवं. ४३ इंची एलईडी टीव्ही १०० वॅटच्या आसपास, म्हणजे अर्धा अँपियरसुद्धा ओढत नाही. लॅपटॉपचा ६५ वॅटचा अडॅप्टर त्याहून कमी. तिथे बारीक वायर तापून जळणार नाही. तिथला त्रास वेगळा: सैल तोंड, सालीचं चुरा होणं, आणि लॅपटॉपच्या बाबतीत अर्थिंग. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपवर हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं ना, ते बहुतेक वेळा अर्थिंग तुटल्यामुळे. अडॅप्टरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून बॉडीवर निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो, प्रवाह अगदी किरकोळ. अर्थिंग असेल तर तो तिथून निघून जातो. स्वस्त सी-५ कॉर्डमध्ये पिना तीन आणि आत तारा दोनच, हा प्रकार सर्रास आहे.

लेझर प्रिंटर, मोठा अ‍ॅम्प्लिफायर, इलेक्ट्रिक कुकर मात्र जाड वायरीचे खरे गिऱ्हाईक. लेझर प्रिंटर कागद काढताना आतला हीटर चालू करतो तेव्हा क्षणभर ४-५ अँपियर ओढतो. दिवे मिचमिचतात ते त्यामुळे. गणपतीत तालमीच्या पोरांनी भाड्याच्या अ‍ॅम्पला घरच्या मॉनिटरची कॉर्ड लावायची नसते, तेही याच कारणाने. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपियर घेते, म्हणजे ६ अँपियरच्या पिनेबाहेरची. तिला १६ अँपियरची पिन आणि किमान एक एमएम वायर हवी.

दुकानांबद्दल. राजारामपुरीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत बहुतेक वेळा दोन माल असतात: खोक्यातला सुटा आणि भिंतीवर पाकिटात टांगलेला. सुटा शंभराच्या आतबाहेर, पाकिटातला दीडशे ते अडीचशे. सुट्यात नशिबाचा खेळ. कधी मोठ्या कंपनीच्या मॉनिटरसोबत आलेली आणि उरलेली अस्सल कॉर्ड त्यातच सापडते. अशी सापडली तर तीच घ्या, कारण तिच्या सालीवर सगळं छापलेलं असतं आणि पाकिटाचे पैसे लागत नाहीत. ऑफिसच्या जुन्या सीपीयूबरोबर निघालेली कॉर्डसुद्धा नवीन खोक्यातल्यापेक्षा बरी ठरते, फक्त साल चिकट झालेली किंवा वाकवल्यावर पांढरी पडणारी नको.

लक्ष्मीपुरी-शाहूपुरीकडच्या इलेक्ट्रिकलवाल्यांकडे तयार सी-५, सी-७ कमी मिळतात. पण जोडून घ्यायची वायर आणि पिन तिथेच घ्यावी. फिनोलेक्स, पॉलिकॅब वगैरेंची तीन तारांची गोल फ्लेक्सिबल वायर मीटरवर मिळते, आणि पिन आयएस १२९३ची (पिनांचं भारतीय मानक) मागता येते. मिक्सर, टेबल फॅन, जुना स्टॅबिलायझर अशा वस्तूंची वायर आतून जोडलेली असते, त्यांना हाच मार्ग.

सर्व्हिस सेंटरची कॉर्ड महाग आणि बहुतेक वेळा चांगली. टीव्ही वॉरंटीत असेल तर तीच. ऑनलाइन माल फोटोवरून ओळखता येत नाही. सालीवरच्या छपाईचा जवळून काढलेला फोटो नसेल तर ऑर्डर करू नये, आणि 'हेवी ड्यूटी' या शब्दांना काही किंमत नाही. मात्र ३ मीटरची किंवा काटकोनी सी-७ इथे पटकन मिळाली नाही तर ऑनलाइनच शोधावी लागते. सी-१३ कॉर्ड ३ मीटरची असेल तर पाऊणऐवजी एक एमएम बघा.

काउंटरवर तपासायला फार काही लागत नाही. आधी शिक्के: वायरीवर आयएस ६९४ आणि पिनेवर आयएस १२९३, दोन्ही हवेत. नुसत्या वायरीवर शिक्का आणि पिनेवर काहीच नाही, अशा कॉर्ड भरपूर फिरतात. सीएम/एल नंबर बीआयएस केअर (आयएसआय शिक्का देणाऱ्या सरकारी संस्थेचं) अ‍ॅपमध्ये टाकला की लायसन्स कुणाच्या नावावर आणि कशासाठी आहे ते दिसतं. पंख्याचं लायसन्स वायरीवर छापलेलं असेल तर तिथेच कळेल. मग मल्टिमीटर बझरवर ठेवून मोठ्या पिनेपासून तोंडाच्या मधल्या भोकापर्यंत अर्थिंग वाजतं का बघा, आणि वाजत असताना पिनेच्या मुळाशी वायर चारी बाजूंना वाकवा. आवाज तुटला की कॉर्ड परत. फेज आणि न्यूट्रलचंही तसंच. पिनेला छोटा चुंबक लावा: घट्ट चिकटला तर पिन लोखंडाची आहे, पितळेची नाही. निकेलच्या मुलाम्यामुळे किंचित ओढ लागते, ती सोडून द्या. शेवटी त्याच लांबीच्या दोन कॉर्ड दोन हातांत धरा. दीड मीटरच्या पाऊण एमएम कॉर्डमध्ये एकट्या तांब्याचं वजन ३० ग्रॅम भरतं, अ‍ॅल्युमिनियमवाली लगेच हलकी लागते. त्यासाठी गुजरीतल्या सोनाराचा काटा लागत नाही.

मीटरवर घेतलेल्या वायरीचं टोक सोलल्यावर तर लपायला जागाच नसते. पाऊण एमएममध्ये ०.२ मिमीच्या २४ तारा असतात, एक एमएममध्ये ३२. एक तार ब्लेडने खरवडा. आतून लाल म्हणजे तांबं, आतून पांढरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. वरून पांढरी पण आतून लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, उलट चांगलं.

पिन जोडताना बाहेरची साल ४ सेंटिमीटर काढा आणि हिरवी तार बाकी दोघींपेक्षा सेंटिमीटरभर लांब ठेवा. कुणी वायर ओढली तर हिरवी सगळ्यात शेवटी सुटली पाहिजे. तपकिरी किंवा लाल फेजला, निळी किंवा काळी न्यूट्रलला. टोकांना शिसं लावून स्क्रूखाली दाबायची सवय अनेक मिस्त्रींना आहे. शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला होतो आणि पिन तापते. नुसता पीळ घालून, स्क्रू आवळला जातो त्याच दिशेने गुंडाळायचं. पिनेतली वायर धरणारी पट्टी बाहेरच्या सालीवर आवळली गेली पाहिजे, आतल्या तारांवर नाही.

नवीन कॉर्ड लावल्यावर अर्ध्या तासाने पिन हाताला लावा. वायर गार आणि पिन गरम असेल तर दोष बहुतेक वेळा बोर्डाच्या सॉकेटचा. त्यातली पकड सैल झालेली असते. अशा वेळी तिसरी कॉर्ड आणून उपयोग नाही, सॉकेट बदला. युरोपच्या पद्धतीच्या दोन गोल पिनांच्या कॉर्डचंही तसंच: तिच्या पिना ४ मिमीच्या, आपल्या ६ अँपियरच्या पिना ५.१ मिमीच्या, त्यामुळे ती आपल्या सॉकेटात लटपटते आणि ठिणग्या उडतात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या घरांत पाणी शिरलं, तिथल्या कॉर्ड वाळवून ठेवल्या असतील तर त्या वापरू नयेत. पाणी पिनेच्या मुळाशी शिरून तारांमधून आत ओढलं जातं, बाहेरून वायर कोरडी दिसते आणि आत तांबं हिरवं पडत जातं. अशी, किंवा उंदरानं कुरतडलेली कॉर्ड भंगारात देताना मधोमध कापून द्या. न कापलेली कॉर्ड कुणीतरी पुसून पुन्हा कुठल्यातरी सुट्या खोक्यात टाकतं.