‘१५ बार, ग्राइंडर मोफत’: घरच्या पहिल्या एस्प्रेसो मशीनमध्ये पैसे कुठे बुडतात

जाहिरात अशी होती: ‘१५ बार इटालियन पंप, प्रेशर गेज, इलेक्ट्रिक बर ग्राइंडर मोफत, एस्प्रेसो पावडर मोफत. एमआरपी ३४,९९९, आज फक्त १६,९९९.’ सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. त्यात काटा झपकन नऊवर जातो आणि कपात बोटभर जाड सोनेरी फेस जमतो. पुण्यातल्या एका घरी हा संच आला, सुरुवातीला कौतुकात गेला आणि परत करायची मुदत उलटल्यावर भानगड लक्षात आली. विक्रेत्याने कानावर हात ठेवले: ‘मशीन चालतंय ना? मग तक्रार कसली?’

मशीन खरोखरच चालत होतं. जाहिरातीतला बहुतेक मजकूरही तांत्रिकदृष्ट्या खरा होता, आणि अशा सौद्यात गिऱ्हाईक गंडतं ते इथेच.

आधी ते १५ बार. एस्प्रेसोला कॉफीच्या थरावर साधारण ९ बार दाब पुरतो. १५ किंवा २० हा पंपाचा कमाल दाब, म्हणजे पुढची वाट पूर्ण बंद केली तर तो किती जोर लावू शकेल याचा आकडा. घरगुती मशीनमध्ये बहुतेक ठिकाणी एकाच जातीचा छोटा, घरघर आवाज करणारा व्हायब्रेशन पंप असतो. आठ हजारांच्या मशीनवरही १५ लिहिलेलं असतं आणि चाळीस हजारांच्या मशीनवरही. या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नये. सहा-सात हजारांच्या खालची, काचेचा जग असलेली, वर फिरकीचं घट्ट झाकण असलेली आणि पाण्याची सुटी टाकी नसलेली मशीन तर पंपाशिवायची असतात. त्यांत वाफच पाणी ढकलते, दाब दोन-तीन बारांच्या पुढे सहसा जात नाही आणि कॉफी करपट लागते. तिला एस्प्रेसो म्हणणं हीच थाप.

मग काटा नऊवर कसा गेला? पोर्टाफिल्टर म्हणजे कॉफी भरून मशीनला अडकवायचा दांडीवाला भाग. त्यातली जाळीची वाटी, म्हणजे बास्केट, काढा आणि उजेडाकडे धरा. सिंगल वॉल बास्केटच्या तळातून शेकडो बारीक छिद्रांचा उजेड दिसतो. या संचातली डबल वॉल होती. आतून जाळी अगदी तशीच, पण उलटी केली की खाली सपाट पत्रा आणि मधोमध सुईच्या टोकाएवढं एकच छिद्र. दाब त्या छिद्रामुळे तयार होतो, कॉफीमुळे नाही. जुनी, जाडसर, कशीही दळलेली पावडर घाला, काटा नऊच दाखवणार. फेसही तिथूनच येतो. बारीक भोकातून जोरात सुटलेल्या द्रवात हवेचे बुडबुडे मिसळतात, व्हिडिओत ते क्रेमासारखे, म्हणजे खऱ्या एस्प्रेसोवरच्या सोनेरी फेसासारखे, दिसतात आणि थोड्याच वेळात फुटून जातात. डबल वॉल बास्केट असण्यात वाईट काही नाही, नवख्याला ती सोयीचीच. मात्र विक्रेता फक्त तीच देतो आणि सिंगल वॉलबद्दल विचारलं की गप्प बसतो, तेव्हा त्याला सोबतच्या ग्राइंडरची लायकी ठाऊक असते.

कारण सिंगल वॉल घातली की ग्राइंडर उघडा पडतो. या मशीनचा पोर्टाफिल्टर ५१ मिलिमीटरचा, त्यात १५ ग्रॅम कॉफी मावते. १५ ग्रॅम पावडरीतून २५ ते ३० सेकंदांत कपात ३० ग्रॅम कॉफी उतरायला हवी. फुकटच्या ग्राइंडरला १२ खाचा. सगळ्यात बारीक खाचेवर मशीन तुंबलं, थेंब थेंब गळत राहिलं. एक खाच मागे घेतली तर तेच ३० ग्रॅम नऊ सेकंदांत धो धो उतरले, आंबट आणि पाणचट. मधे दुसरी खाचच नाही. पावडर एखादा ग्रॅम कमी-जास्त केली तर चार-दोन सेकंद इकडेतिकडे होतात, तेवढ्याने हे भागत नाही. वरचं झाकण काढून बर, म्हणजे बिया दळणारं दातेरी चक्र, बोटांनी हलवला तर तो चक्क डुगडुगतो. पावडर पांढऱ्या कागदावर पसरली तर रव्यात मैदा मिसळल्यासारखी दिसते. मैदा कडू उतरतो, रवा आंबट, आणि कपात दोन्ही एकदम. जाहिरातीत ‘बर’ लिहिलंय आणि आत बर आहेही. तो एस्प्रेसोसाठी लागणारे बारीक टप्पे देतो का, हे जाहिरातीत कुठेच नव्हतं. ‘एस्प्रेसोपासून फ्रेंच प्रेसपर्यंत सगळं’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं: एस्प्रेसोच्या टापूत किती खाचा, आणि एका खाचेने शॉट, म्हणजे एका वेळची कॉफी उतरायचा वेळ, किती सेकंदांनी बदलतो? आठ-दहा खाचा तरी मिळायला हव्यात. पाती असलेल्या चटणीच्या भांड्यासारख्या ग्राइंडरचा तर इथे विचारच नको.

फुकटच्या पावडरीवर रोस्टची, म्हणजे बिया भाजल्याची, तारीख नव्हती. अशी पाकिटं चिकोरी मिसळलेलीही निघतात. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते, फक्त प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ग्लासभर गार पाण्यावर चिमूट टाकून पाहावं. कॉफी बराच वेळ तरंगते, चिकोरी तपकिरी रेघा सोडत तळाशी बसते. दाक्षिणात्य फिल्टरला ती शोभते. एस्प्रेसोच्या बास्केटमध्ये ती फुगते, तुंबते आणि दोष मशीनच्या माथी जातो.

वाटीत पावडर दाबायचा प्लास्टिकचा टॅम्पर ४८ मिलिमीटरचा होता. ५१च्या वाटीत कडेला दीड मिलिमीटरची कड न दाबलेली राहते आणि पाणी तिथूनच पळतं. तो फेकून द्यावा.

बजेट पंचवीस हजार असेल तर निम्मे पैसे ग्राइंडरला द्यावेत. हे ऐकून लोक नाकं मुरडतात, पण चांगल्या दळणावर साधं मशीनही बरी कॉफी देतं, उलट होत नाही. स्टीलच्या बरचा, एस्प्रेसोसाठी बारीक खाचा असलेला हाताचा ग्राइंडर याच पैशांत विजेच्या ग्राइंडरपेक्षा कितीतरी सरस मिळतो. १५ ग्रॅम दळायला एक-दीड मिनिट लागतं. उरलेल्यात पंपाचं साधं मशीन, त्याच मापाची सिंगल वॉल बास्केट, धातूचा टॅम्पर आणि ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा. बजेट दहाच्या आत असेल तर गॅसवर ठेवायचा मोका पॉट आणि हाताचा ग्राइंडर घ्यावा. ती एस्प्रेसो नसते, पण वर सांगितलेल्या संचाहून चांगली असते.

सेकंडहँडमध्ये वेगळा सापळा असतो: ‘भावाने अमेरिकेहून आणलंय, फक्त पिन बदला.’ मशीन उलटं करून तळाची पट्टी वाचा. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर हीटर जवळजवळ पावणेचारपट वीज खेचतो आणि पहिल्याच दिवशी फ्यूज किंवा कॉइल जाते. १,३०० वॉटच्या मशीनला किमान २,००० व्हीएचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवा, त्याची किंमत धरली की स्वस्तपणा संपला. मशीन गार असतानाच गाठावं, विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेलं नको. पोर्टाफिल्टर न लावता पाणी सोडा, ते सगळ्या जाळीतून सारखं पडलं पाहिजे. एकाच बाजूने धार येत असेल किंवा जाळीवर पांढरी खपली असेल तर बोअरच्या पाण्याने आत क्षार साचलेत. आगाऊ रक्कम देऊ नये. आपलंच जुनं मशीन विकताना कुणी ‘पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हटलं तर फोन ठेवावा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. टाकून बसलात तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०.

पुण्यातल्या संचाचं काय झालं? चवीची तक्रार कुणी दाखल करून घेईना. पण खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता नव्हता आणि बिलावर जीएसटी क्रमांकही नव्हता. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदार, मूळ देश आणि एमआरपी छापणं बंधनकारक आहे. ऑनलाइन विक्रीत मूळ देश आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क द्यावा लागतो, हे २०२०च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. खोक्याचे सहा बाजूंचे फोटो, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि तळाची पट्टी जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार गेली, तेव्हा ‘चालतंय ना’ म्हणणारा विक्रेता कुरिअरचा खर्च कापून संच परत घ्यायला तयार झाला. तसं झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोग होताच; पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही. खोकं मात्र जपून ठेवलेलं असावं लागतं, आणि बहुतेक घरांत ते दुसऱ्याच दिवशी रद्दीवाल्याकडे गेलेलं असतं.