पॉल अँकाचा 'रॉक स्विंग्ज': काही महिने रोज ऐकल्यावर

पावसाळा लागला तेव्हापासून हा अल्बम आमच्या घरी जवळजवळ रोज संध्याकाळी वाजतो. २००५ साली आलेला, १४ गाण्यांचा. निर्वाणा, साउंडगार्डन, व्हॅन हेलन, ओअ‍ॅसिस, बॉन जोव्ही या रॉक बँडांची गाजलेली गाणी इथे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोनच्या ताफ्यासह स्विंगच्या, म्हणजे जॅझमधल्या झुलत्या, ठेक्यावर येतात.

लाउंज ढंगात, म्हणजे हॉटेल-क्लबातल्या निवांत गाण्यासारखं, रॉक गाणारे पुष्कळ जण मूळ गाण्याची टर उडवतात. दोनदा हसू येतं, तिसऱ्यांदा लावावंसं वाटत नाही. अँका टर उडवत नाही, म्हणूनच हा अल्बम टिकला. १९५७ साली, सोळाव्या वर्षी, 'डायाना' या गाण्याने प्रसिद्ध झालेला हा गायक साठी ओलांडल्यावर पुढच्या पिढ्यांची गाणी हातात घेतो आणि प्रत्येक शब्दाला मान देतो.

निर्वाणाचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' घ्या. मूळ गाण्यात कडवं दबक्या आवाजात आणि ध्रुवपदाला गिटारचा स्फोट, गायक कर्ट कोबेनचे शब्द निम्मे गिळलेले. इथे शब्द लख्ख ऐकू येतात, आणि चाल किती पक्की आहे ते कळतं. 'ब्लॅक होल सन' तर मला सर्वांत आवडतं. साउंडगार्डनच्या क्रिस कॉर्नेलने त्यात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) अशा वाकड्या वाटेने नेल्या आहेत की जॅझवाल्यांना ते घरचंच वाटावं. ब्रास, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा ताफा, त्या वळणांवर अलगद उतरतो आणि गाण्यातली उदासी तसूभरही कमी होत नाही.

'इट्स माय लाइफ'ची मजा वेगळी. बॉन जोव्हीच्या त्या गाण्यात गायक फ्रँक सिनात्रा आणि त्याच्या 'माय वे' या गाण्याचा उल्लेख आहे. त्या 'माय वे'चे इंग्रजी शब्द अँकानेच एका फ्रेंच गाण्याच्या चालीवर लिहिलेले. ती ओळ त्याच्याच तोंडून ऐकताना दर वेळी अंगावर काटा येतो.

संथ गाण्यांत मात्र जीव रमत नाही. 'टिअर्स इन हेवन', 'हॅलो', 'ट्रू' मुळातच मऊ. त्यांना आणखी मऊ करून हाती काय लागणार? आता ती मी सरळ पुढे ढकलते. जिथे मूळ गाणं दणदणीत आहे, तिथेच या ढंगाला खरं काम मिळतं.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. डबल बेस हरवतो आणि ठेका पोकळ होतो. बऱ्यापैकी स्पीकरवर, आवाज मध्यम ठेवून, आधी 'जंप' लावा. व्हॅन हेलनचं मूळ गाणं पाठ असेल तर ब्रासची पहिली फेक ऐकूनच ठरवाल, बाकीची ऐकायची की नाही.