बोट खरी, गाव खरं, कालवाही खरा

इंग्लंडच्या कालव्यांवर बोट भाड्याने घेऊन आठवडाभर खेड्यापाड्यांतून संथ फिरायचं, ही हौस आता बडोद्यातही पोचली आहे. ज्यांची मुलं-भाचरं तिकडे आहेत त्यांनी हे नक्की वाचा.

आम्ही चौघं होतो: मी, आमचे हे, दीर आणि जाऊ. भाचा लेस्टरला असतो, मुक्काम त्याच्याकडेच होता. बोटीचं काम ज्याने घेतलं त्याचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवरून मिळाला. फोनवर अस्सल बडोद्याची मराठी, मधूनच गुजराती. 'काकू, माझं लहानपण दांडिया बाजारात गेलंय' हे पहिल्या दोन मिनिटांतच सांगून झालं. परक्या देशाच्या कामात आपल्या गावचा माणूस मिळाला की निम्मी चौकशी आपोआप गळून पडते. ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याने कालव्याबद्दल जे सांगितलं, त्यात खोटं काही नव्हतं. लँगोलन कालवा. एल्समीर गावातून निघायचं, वाटेत न्यू मार्टनची दोनच लॉक (पाणी कमी-जास्त करून बोट वर-खाली नेणारे दरवाजांचे हौद), म्हणून वयस्कर माणसांना सोयीचं. बोट जेमतेम सात फूट रुंद, कारण लॉकच तेवढी अरुंद. वेग ताशी चार मैलांच्या वर न्यायचा नाही. चालवायला परवाना लागत नाही. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते. पुढे वेल्समध्ये १८०५ साली बांधलेला जलसेतू, ३८ मीटर उंचीवरून बोट जाते आणि एका बाजूला कठडाच नाही. हेही त्याने लपवलं नाही. जाऊबाईंनी लाईफ जॅकेटचं विचारलं (हरणी तलावाच्या दुर्घटनेनंतर बडोद्यात बोट म्हटलं की हा प्रश्न आधी येतो), तर तासाभरात जॅकेटांचे फोटो हजर. बोटीचेही फोटो आले. हिरवा रंग, दारावर गुलाबाची फुलं, आत स्वयंपाकघर. स्टेशनवरून बोटीपर्यंत गाडी, बोटीत शाकाहारी शिधा भरलेला, सगळं एकाच पॅकेजात. ऑगस्टमध्ये बोटी मिळत नाहीत म्हणून पूर्ण रक्कम आधीच, काही यूपीआयने आणि उरलेली बँकेतून.

स्टेशनवर गाडी आलीच नाही. भाच्याने एल्समीरला नेऊन सोडलं. बोट मात्र होती! तीच हिरवी, तीच फुलं, तेच नाव. आतून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ चहाचा कप घेऊन बाहेर आले. ती बोट म्हणजे त्यांचं राहतं घर होतं. मागे कधीतरी ती विकायला काढली होती, तेव्हाच्या जाहिरातीतले हे फोटो. बिचाऱ्यांनी आम्हाला बसवून चहा पाजला आणि दोन गोष्टी सांगितल्या, त्या आधी कळल्या असत्या तर बरं झालं असतं. तिथल्या बोटींवर नोंदणी क्रमांक लिहिलेला असतो, आणि त्यावरून बोटीचा परवाना चालू आहे की नाही हे कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनाल अँड रिव्हर ट्रस्टच्या संकेतस्थळावर तपासता येतं. दुसरं, स्वतःच्या वापरासाठी काढलेल्या परवान्यावर बोट भाड्याने देता येत नाही. त्याला धंद्याचा वेगळा परवाना लागतो. आम्हाला आलेल्या फोटोंत क्रमांकाची जागा नेमकी कापलेली होती.

भाड्याने देणारी कंपनी खरी आहे का, हे ब्रिटनच्या कंपनीज हाउसच्या यादीत फुकट बघता येतं. पण माझ्या मते खरी मेख इथे, बडोद्यातच होती. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला गिऱ्हाइकाकडून टीसीएस, म्हणजे विकतानाच वसूल करून सरकारकडे भरायचा कर, घ्यावाच लागतो. त्यासाठी पॅन लागतो आणि ती रक्कम प्राप्तिकर खात्याकडच्या आपल्या करनोंदीत दिसते. या माणसाने पॅन मागितलाच नाही. वर 'काकू, तुमचा टॅक्स वाचवला' म्हणून उपकार दाखवले. पैसे गेले ते कंपनीच्या नव्हे, कुणा तिसऱ्याच बाईच्या बचत खात्यात.

भाच्याने तिथूनच सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. भारतात असाल तर १९३० ला लगेच फोन लावा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवले तरच हाती लागतात. आमच्या बाबतीत पैसे देऊन महिने उलटले होते; खात्यात उरलेली किरकोळ रक्कम तेवढी अडकली. तो खरोखर बडोद्याचा आहे की नाही, कुणास ठाऊक. ग्राहक आयोगात जायचं तर आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, हे २०१९ च्या कायद्याने सोपं झालंय, पण समोरच्याचा खरा पत्ता तर हवा!

जलसेतू आम्ही पाहिला, ट्रेव्हरहून सुटणाऱ्या फेरीच्या बोटीत तिकीट काढून. दीर पूर्ण वेळ कठड्याच्या बाजूला बसले.

त्याचा नंबर पोलिसांकडे दिला आहे, तरी चालू आहे. स्टेटसला हल्ली अलेप्पीच्या हाउसबोटी दिसतात, दिवाळीच्या सुट्टीसाठी, 'मोजक्याच शिल्लक'.