बेगूरचा व्हिला आणि पालाफ्रुझेलचा बाजार: कोस्टा ब्रावाचा आमचा आठवडा

जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, बायको, नऊ वर्षांची लेक आणि भारतातून आलेले आई-बाबा, स्पेनमधल्या कातालुन्यात कोस्टा ब्रावाला एक व्हिला भाड्याने घेऊन राहिलो. आम्ही फ्रँकफुर्टला असतो त्यामुळे बार्सिलोनाची फ्लाइट दोन तासांची, तिथून गाडी घेतली आणि साधारण पावणेदोन तासांत बेगूर. बार्सिलोनाहून वर जाणाऱ्या हायवेवरचा टोल २०२१ मध्ये बंद झालाय, जुन्या पोस्टमध्ये टोलचे हिशोब दिलेत ते सोडून द्या. बरेच जण बार्सिलोनात हॉटेल घेऊन एका दिवसात किनारा "करून" येतात, तसं प्लीज करू नका. इथे घर घेऊन राहायचं, सकाळी बाजारात जायचं, आणलेलं घरी शिजवायचं आणि मग समुद्रावर जायचं, ह्या जागेची मजा ह्याच क्रमात आहे.

आधी व्हिलाबद्दल. बेगूर गावाच्या खाली, सा तुनाच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, पाइनच्या झाडीत. तीन बेडरूम, छोटा पूल, गच्चीवरून झाडांच्या फटीतून समुद्र दिसतो. स्वच्छता एकदम छान, गाद्या चांगल्या, किचन मोठं, सुऱ्यांना धार होती (भाड्याच्या घरात हे किती दुर्मिळ असतं ते सगळ्यांना माहितीय). जाहिरातीत "बीच दहा मिनिटं चालत" लिहिलेलं, ते उतरताना खरं आहे, पण वर येताना चढ असा आहे की बाबांना वाटेत तीनदा बसावं लागलं. हे एजन्सीने स्पष्ट लिहायला हवं होतं, आम्ही मेलवर मुद्दाम विचारलेलं की गुडघ्याचा त्रास असलेले दोघे आहेत, तरी उत्तर आलं "इझी वॉक". ह्याचे मी सरळ स्टार कापतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर गाडी हवीच, गाडीशिवाय ह्या भागात घर घेऊ नका.

दुसरं, शेगडी इंडक्शनची. आईने नाशिकहून आणलेला कुकर अॅल्युमिनियमचा, तो काही त्या शेगडीने ओळखला नाही. स्टीलचा, खाली लोहचुंबक चिकटेल असा कुकर न्या. आणि बागेत विटांची बार्बेक्यूची चूल आहे म्हणून खूश होऊ नका, कारण १५ मार्च ते १५ ऑक्टोबर ह्या काळात जंगलाजवळ उघडी आग पेटवायला तिथे कायद्याने बंदी आहे. आजूबाजूला सगळी पाइनची वाळकी काडी पडलेली असते, ते बघितलं की नियम लगेच पटतो.

आता बाजार. आमचं बुकिंग शनिवार ते शनिवार, आणि पालाफ्रुझेलचा मोठा बाजार रविवारी, म्हणजे पहिल्याच सकाळी. बेगूरपासून गाडीने दहा-पंधरा मिनिटं. भाजी-फळांचा बाजार तिथे सोमवार सोडून रोज भरतो, पण रविवारी कपडे, चपला, चादरी, सगळंच रस्त्यांवर येतं आणि आजूबाजूच्या गावांची माणसं लोटतात. नऊच्या आत पोचा, दहानंतर पार्किंगसाठी फिरत बसाल.

पहिल्या स्टॉलवर आम्ही रांग शोधत होतो तर रांगच नाही, सगळे कसेही उभे. मग एक आजी आल्या, मोठ्याने "लुल्तिम?" म्हणाल्या, एका बाईंनी हात वर केला, आजी निवांत बाजूला जाऊन तिसऱ्याच माणसाशी गप्पा मारायला लागल्या. म्हणजे शेवटचं कोण एवढं विचारून ठेवायचं, त्या माणसाचं झालं की आपला नंबर. रांगेत ताटकळायचं नाही, आणि घुसायला कोणी धजतही नाही. आईला ही पद्धत इतकी आवडली की दुसऱ्या स्टॉलवर तिनेच "लुल्तिम?" विचारलं आणि भाजीवाल्याने तिला मूठभर चेरी नुसत्या चाखायला दिल्या. आणखी एक, फळं आपण हाताळायची नाहीत, बोट दाखवायचं, ते निवडून देतात. "आज खायचेत की उद्या" असं विचारून त्याप्रमाणे पिकलेले पीच वेगळे काढून दिले, इतकी काळजी मी जर्मनीतल्या कुठल्या सुपरमार्केटात बघितलेली नाही.

आई माळकरी आहे, म्हणून ती काय खाणार ह्याचं मला टेन्शन होतं. ते बाजारानेच सोडवलं. तिथे दोऱ्यात ओवून टांगलेले छोटे टोमॅटो मिळतात, माळच म्हणा, त्यांची साल जाड आणि आत सगळा रस. भाजलेल्या पावावर तो टोमॅटो अर्धा कापून हाताने रगडायचा, रगडत राहायचं, हातात नुसतं साल उरेपर्यंत, मग वर ऑलिव्ह तेल आणि मीठ. ह्याला पा आंब तोमाकेत म्हणतात, तिथे घरोघरी रोज खातात. रेस्टॉरंटमध्ये पाव, टोमॅटो, लसूण असं सुटं आणून ठेवतात, आपण आपलं करायचं, लेकीने तर आठवडाभर दुसरा नाश्ताच केला नाही.

वांगी आणि लाल ढोबळी मिरची भाजून, सोलून, तेलात घालून ठेवलेलीही मिळते, एस्कालिवादा नाव. ह्या नावाचा मूळ अर्थच निखाऱ्यात भाजणं. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "अरे हे तर बिनफोडणीचं भरीत." मग आम्ही कच्ची वांगी आणून ओव्हनमध्ये भाजली, अर्धी तिथल्यासारखी आणि अर्धी दाण्याचं कूट, मिरची, कोथिंबीर घालून. फक्त बाहेर मागवताना जपा, एस्कालिवादावर बऱ्याचदा वर अँचोव्ही मासे ठेवून देतात, आणि सँडविचच्या यादीत "वेजेताल" लिहिलेलं असलं तरी त्यात टूना किंवा अंडं असू शकतं. आम्ही प्रत्येक ठिकाणी "सेन्से कार्न, सेन्से पेइश" म्हणजे मांस नको, मासे नको, असं सांगायचो, लोक शांतपणे ऐकून घेऊन आत विचारून यायचे.

पण ह्या बाजारातून मी एकच गोष्ट आणायला सांगीन, ती म्हणजे रेकुइत. दूध फाडून कापडात बांधलेलं ताजं मऊ चीज, त्या एम्पोर्दा भागाचीच खासियत. कापड सोडलं की वर विणीची नक्षी उमटलेली, अगदी आपल्या चक्क्यावर फडक्याची उमटते तशी, आणि आत ओलसर, पनीरपेक्षा कितीतरी मऊ. तिथे मध घालून खातात. आईच्या डब्यात गूळ होता, तिने किसून वर घातला. त्या दिवसापासून दिवसाआड रेकुइत आणायला बाबा आणि मी सकाळी पालाफ्रुझेलला. (चीज जमवायला काय वापरलंय, प्राण्यांचं रेनेट की वनस्पतीचं, हे काटेकोर शाकाहारी लोकांनी आधी विचारून घ्या, आम्ही विचारूनच घेतलं.)

इतर बाजारांत बेगूरचा बुधवारी, छोटा आहे, तासात होतो. ला बिस्बालचा शुक्रवारी, आणि हे मातीच्या भांड्यांचं गाव, एक अख्खा रस्ता दोन्ही बाजूंनी भांड्यांच्या दुकानांचा. आम्ही पिवळी-हिरवी काचेसारखी झिलई असलेली दोन वाडगी घेतली. दुपारी दीड-दोन ते पाच सगळं बंद होतं हे मात्र लक्षात ठेवा, आम्ही ला बिस्बालला दोन वाजता पोचलो तर शटर खाली. पाचपर्यंत शेजारच्या पेराताल्यादाला गेलो, दगडात कोरलेला खंदक असलेलं मध्ययुगीन गाव, तासभर पुरे.

समुद्राचं म्हणाल तर इथे गणपतीपुळे-अलिबागसारखा लांबच लांब बीच डोक्यातून काढून टाका. कडे, पाइनची झाडं आणि मध्ये मध्ये छोट्या छोट्या खाड्या, त्यांना काला म्हणतात. सा तुनाला वाळू नाही, गोटे आहेत, पाण्यात घालायचे रबरी शूज नसतील तर पायांचे हाल. आयग्वाब्लावाला वाळू आहे आणि पाणी इतकं स्वच्छ की कमरेएवढ्या पाण्यात पायाची नखं दिसतात, लहान मुलांना बेस्ट, पण पार्किंग सकाळीच भरतं. सा रिएराहून समोर मेदेसची सात बेटं दिसतात, तिथला समुद्र संरक्षित आहे. जूनच्या सुरुवातीला पाणी गारच असतं, लेक डुंबली, आम्ही मोठे गुडघ्यापर्यंत.

सगळ्यात सुंदर संध्याकाळ कालेयाची. आधी एक इशारा, कालेया नावाची दोन गावं आहेत, एक बार्सिलोनाजवळ आणि एक हे पालाफ्रुझेलचं कालेया, जीपीएसमध्ये पूर्ण नाव टाका नाहीतर दुसरीकडेच पोचाल. पांढरी घरं, पाण्याला लागून कमानी, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. तिथून ल्याफ्रांकपर्यंत कड्याच्या कडेने पायवाट जाते, कामी दे रोंदा, पूर्वी चोरटा माल पकडायला पहारेकरी ह्या वाटेने गस्त घालायचे. अर्ध्या तासाची वाट, पायऱ्या आहेत पण चढ सोपा, आई-बाबा आरामात चालले. ल्याफ्रांकच्या वर सान सेबास्तियाचं दीपगृह आहे, १८५७ चं, तिथे आम्ही गाडीने गेलो.

बेगूर गावही नुसतं झोपायला वापरू नका. गावात मोठाली रंगीत घरं दिसतात, कमानीच्या व्हरांड्यांची, आजूबाजूच्या दगडी घरांशी न जुळणारी. एकोणिसाव्या शतकात इथली पोरं पोटासाठी क्युबाला गेली, त्यातले जे पैसा कमावून परतले त्यांनी ही बांधली. अशा परतलेल्या लोकांना इंडियानोस म्हणतात. बाबा मालवणचे, त्यांचे वडील गिरणीत कामाला होते आणि मनीऑर्डरवर गावचं घर उभं राहिलं, त्यामुळे बाबा त्या घरांपुढे बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "हे सगळे चाकरमानीच की रे." क्युबाहून घरांबरोबर गाणीही आली, हावानेरा, कालेयाला जुलैच्या सुरुवातीला समुद्रकाठी त्यांची मोठी मैफल असते, आणि तेव्हा रम पेटवून, कॉफीचे दाणे, दालचिनी, लिंबाची साल घालून केलेलं क्रेमात पितात. आम्ही त्याआधीच निघालो.

बाबांसाठी मात्र पालामोसचं बंदर. सोमवार ते शुक्रवार दुपारी ट्रॉलर परत येतात, मासेमारी संग्रहालयाच्या बाजूने लिलाव बघता येतो. मालवणच्या किनाऱ्यावर बोली ओरडून वर चढत जाते, इथे एकही आवाज नाही. पट्ट्यावरून ट्रे सरकतो, स्क्रीनवर भाव वरून खाली उतरत येतो, ज्याने आधी बटण दाबलं त्याचा माल. बाबा अर्धा तास मान वर करून बघत होते आणि प्रत्येक ट्रेला हळूच म्हणायचे, "आता... आता दाब." इथली कोळंबी कच्चीच लालभडक असते, खूप खोल पाण्यातली, आणि हिवाळ्यात सुमारे दोन महिने तिची मासेमारी बंद ठेवतात. महाग आहे, आम्ही बारा नग घेतले. बाबा मसाला लावायच्या तयारीत होते, मासेवाल्या बाईंनी खुणेने सांगितलं, फक्त मीठ आणि गरम तवा. तसंच केलं. डोक्यातला रस चोखल्यावर बाबा म्हणाले मसाला नाही लावला ते बरं झालं, आणि बाबांच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

लांबच्या ठिकाणांत एम्पूरिएसला जा, समुद्रालगत ग्रीक आणि रोमन नगराचे अवशेष, सावली नाही, टोपी-पाणी न्या. कादाकेस वळणांच्या रस्त्याने लांब पडतं, लेकीला गाडी लागली. शेजारच्या पोर्टलिगातला चित्रकार दालीचं घर आहे, त्याचं बुकिंग आधीच ऑनलाइन करायचं असतं, आम्हाला ऐनवेळी मिळालं नाही.

घराला पाचपैकी साडेतीन, आजूबाजूच्या परिसराला पाच. एजन्सीला चढाचं सविस्तर कळवलंय, जाहिरात अजून बदललेली नाही. पुढच्या वेळी घर बेगूर गावातच, सपाट रस्त्यावर घेणार. सप्टेंबरच्या पहिल्या वीकेंडला तिथे इंडियानोसची जत्रा भरते, बाबांनी त्या हिशोबाने व्हिसाचे कागद आत्तापासूनच फाइलला लावलेत, आणि आईने स्टीलचा कुकर घेतलाय.