कानातल्या शिट्टीसाठी घेतलेलं व्हाइट नॉइज मशीन: सात-आठ महिन्यांनंतर

एकसुरी आवाज काढून शिट्टीवरचं लक्ष हटवणाऱ्या या मशीनचा अडॅप्टर गेला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: अडॅप्टर वॉरंटीत नाही, सुटा मिळत नाही, नवीन संच घ्या. घेऊ नका. मशीनच्या बुडाशी ५ व्होल्ट, १ अँपिअर आणि मधली पिन पॉझिटिव्ह असं छापलेलं आहे. तसाच अडॅप्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा गावातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे अगदी स्वस्तात मिळतो. पिनची जाडी जुळवायला जुना सोबत न्या.

आता मुद्द्याचं. पापण्यांची शस्त्रक्रिया, हेअर ट्रान्सप्लांट किंवा चरबी काढणं लोकल भूल देऊन झालं आणि त्यानंतर कानात शिट्टी सुरू झाली, असे लोक हे मशीन घेतात. दोष भुलीला दिला जातो. लिग्नोकेन (हेच ते भुलीचं औषध) रक्तात जास्त झालं की कानात आवाज येतो हे खरंच आहे, पण त्यासोबत ओठांभोवती बधिरपणा, जिभेवर धातूसारखी चव आणि गरगरणं असतं, आणि ते त्याच वेळी. अ‍ॅड्रेनलिनसह लिग्नोकेनची मर्यादा किलोमागे ७ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं साधारण २१ मिली. औषधाचं अर्धायुष्य (रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ) दीड-दोन तास. चरबी काढताना भरतात त्या पातळ द्रावणातून ते सावकाश शोषलं जातं, पण तेही दोनेक दिवसांत संपतं. महिनोन्‌महिने टिकणारी शिट्टी रक्तात उरलेल्या लिग्नोकेनची नसते. कानातला मळ, आवळलेला जबडा, तासन्‌तास वाकडी ठेवलेली मान, जास्त डोसातली वेदनाशामकं किंवा जेंटामायसिन-अमिकासिनसारखी अँटिबायोटिक्स, हे आधी तपासायचं. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचा आलेख) 'नॉर्मल' आला तरी तो बहुधा ८००० हर्ट्झपर्यंतचाच असतो. वरचा पट्टा वेगळा मागावा लागतो. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर मशीन-बिशीन राहू द्या, त्याच दिवशी कानाचे डॉक्टर गाठा, कारण स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच जास्त होतो. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडणारा आवाजही घरी बसून मुरवायचा नाही.

हे सगळं निस्तरूनही शिट्टी उरते, तेव्हा मशीनची पाळी येते. सुरुवातीचे दोन महिने मी याला चार तारे दिले असते. झोप लागते. आवाज शिट्टी बुडवेल इतका नव्हे, त्याहून किंचित खाली ठेवायचा; दोन्ही ऐकू येत राहिले पाहिजेत, तरच मेंदू शिट्टीकडे दुर्लक्ष करायला शिकतो असं मानतात. उशीपासून हातभर लांब ठेवा, कानाला चिकटवून नको.

आता दोनच तारे, आणि कारण एकच: सांधा. आत पावसाची छोटीशी रेकॉर्डिंग आहे. ती संपून पुन्हा सुरू होताना एक बारीक 'टक्' येते. दिवसा कळत नाही. रात्री एकदा ती सापडली की कान पुढच्या 'टक्'ची वाट बघतो, म्हणजे जे विसरायचं तेच ऐकण्याचा सराव! धबधबा, पंखा, समुद्र, सगळ्या बटणांवर हेच. एमपी-३ फाइलच्या सुरुवातीला आणि शेवटी एन्कोडर थोडी शांतता भरतो, त्यामुळे ती लूपवर टाकली की असा खड्डा पडतो. इथेही तसलंच काहीतरी असावं. एवढे पैसे घेऊन चिपमध्ये तिथल्या तिथे नॉइज तयार करायला काय जात होतं? विकत घेण्यापूर्वी दुकानात पाच मिनिटं कान लावून ऐका. टायमर ६० मिनिटांवर झटकन बंद होतो, हळूहळू उतरत नाही. तेही चीड आणणारंच, पण सांध्यापुढे काही नाही.

फुकटचा उपाय जास्त चांगला निघाला. ऑडॅसिटी या फुकट ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरमध्ये पिंक नॉइज (व्हाइट नॉइजपेक्षा मऊ खळखळ) निवडा, ३० मिनिटांची मोनो फाइल करा आणि वेव्ह (WAV) प्रकारातच साठवा (साधारण १५९ एमबी). जुन्या फोनवर, लूप लावून, साध्या स्पीकरवर. सांधा अर्ध्या तासाने येतो, तोही गुळगुळीत. काटा फिरवायचा जुना एफएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे ठेवला तर सांधाच नाही. नवे डिजिटल सेट मात्र तिथे गप्प होतात.

गोळ्यांवर खर्च करण्याआधी एवढं माहीत असू द्या: बीटाहिस्टीन (चक्करेवरची गोळी) आपल्याकडे सर्रास लिहून देतात, पण नुसत्या टिनिटससाठी, म्हणजे कानातल्या शिट्टीसाठी, ते देऊ नये असं उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२० मध्ये स्पष्ट लिहिलं आहे. गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क) आणि झिंकबद्दल अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेचंही तेच मत.

पंखा चालू असताना यातलं काहीच लागत नाही. फाइल लागते ती डिसेंबर-जानेवारीत, पंखा बंद झाल्यावर.