फ्री-टू-एअर रिसीव्हर निवडताना: साधा बॉक्स, लिनक्स रिसीव्हर की संगणकाचा ट्यूनर?

घरात मालिका आणि बातम्या पाहणाऱ्या माणसाची गरज वेगळी आणि छंद म्हणून आकाशातील वाहिन्या धुंडाळणाऱ्या माणसाची गरज वेगळी. फ्री-टू-एअर, म्हणजे वर्गणी न भरता उपग्रहावरच्या मोफत वाहिन्या दाखवणारा रिसीव्हर विकत घेताना होणाऱ्या बहुतेक चुका या दोन गरजा एकच मानल्यामुळे होतात. ज्याला केवळ डीडी फ्री डिश पाहायची आहे, त्याचे काम दोन फुटी छत्री, एक युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोर बसणारे, सिग्नल पकडणारे यंत्र) आणि बाजारातील कोणताही बरा एमपेग-४ बॉक्स एवढ्यावर भागते. त्याने पुढील तुलनेत वेळ घालवू नये. ही तुलना ज्याच्या गच्चीवर आठ फुटी छत्री आहे किंवा लवकरच येणार आहे, आणि जो एखाद्या उपग्रहावर आज नवे काय आले ते पाहण्यासाठी रात्री अकरा वाजता रिमोट हातात घेतो, त्याच्यासाठी आहे. त्याच्यापुढे तीन मार्ग असतात: दुकानात मिळणारा साधा डीव्हीबी-एस२ बॉक्स (डीव्हीबी-एस२ ही उपग्रह प्रक्षेपणाची पद्धत), लिनक्स प्रणालीवर चालणारा परदेशी बनावटीचा रिसीव्हर आणि संगणकालाच रिसीव्हर बनवणारे ट्यूनर कार्ड.

या तिघांकडे वळण्यापूर्वी आपल्या डोक्यावरचे आकाश पाहणे आवश्यक आहे. परभणीहून पाहिले तर ७६.५ अंश पूर्व रेखांशावरचा ॲपस्टार-७ उपग्रह जवळपास ठीक दक्षिणेला येतो. ८३ अंशांवरील जीसॅट-३० दक्षिणेच्या थोडा पूर्वेला आहे. ९३.५ अंशांवरील जीसॅट-१५, म्हणजे फ्री डिशचा उपग्रह, आग्नेयेला क्षितिजापासून सुमारे ६० अंश उंचीवर आहे, आणि त्याच स्थानावरील जीसॅट-१७ सी-बँडसाठी, म्हणजे मोठ्या छत्रीने पकडायच्या कमी वारंवारतेच्या पट्ट्यासाठी, उपयोगी पडतो. पश्चिमेकडे झुकल्यावर ६८.५ अंशांचा इंटेलसॅट-२० आणि ६६ अंशांचा इंटेलसॅट-१७ हे शेजारी-शेजारी भेटतात. एकाच आठ फुटी छत्रीवर मध्यभागी एक आणि बाजूला एक असे दोन एलएनबी बसवून ते दोन्ही घेता येतात. मराठवाड्यातून हे सगळे उपग्रह चांगल्या उंचीवर दिसतात, त्यामुळे शेजारचे लिंबाचे झाड किंवा पाण्याची टाकी सहसा आड येत नाही. याचा खरेदीशी थेट संबंध असा, की आपला रिसीव्हर एका उपग्रहासाठी नव्हे तर चार-पाच उपग्रहांसाठी असणार आहे; म्हणून चित्राची तकाकी किंवा मेनूची सजावट यांपेक्षा ट्यूनर, स्विच हाताळण्याची क्षमता आणि शोधण्याची पद्धत यांना जास्त गुण द्यावे लागतात.

साधा एस२ बॉक्स दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. २००५ साली आलेल्या डीव्हीबी-एस२ या पद्धतीमुळे जुन्या डीव्हीबी-एसच्या तुलनेत त्याच बँडविड्थमध्ये सुमारे ३० टक्के अधिक माहिती पाठवता येते, आणि आज सी-बँडवरील बऱ्याच वाहिन्या याच पद्धतीने येतात. त्यामुळे कोणी फक्त डीव्हीबी-एस चालवणारा जुना एमपेग-२ बॉक्स तीनशे रुपयांत देऊ केला तरी तो घेऊ नये. साध्या बॉक्समध्ये चार एलएनबींसाठी डायसेक १.० स्विच (एकाच केबलवर हवा तो एलएनबी निवडणारा) चालतो, पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग होते, आणि चालू झाल्यावर पंधरा-वीस सेकंदांत चित्र येते. छत्री फिरवून सिग्नल लावण्याच्या कामात तर याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. गच्चीवर छोटा टीव्ही आणि हा बॉक्स नेला, की उन्हात लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे डोळे ताणावे लागत नाहीत.

त्याची खरी परीक्षा ब्लाइंड स्कॅनमध्ये होते. ब्लाइंड स्कॅन म्हणजे वारंवारता आणि सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) आधी न सांगता बॉक्सने स्वतः ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा पट्टा चाळून वाहक लहरी हुडकणे. ही सोय आहे असे खोक्यावर छापलेले असते, पण तिचा दर्जा बॉक्सगणिक फार बदलतो. माझा पहिला बॉक्स ज्या दुकानातून घेतला, तेथे ‘ब्लाइंड स्कॅन आहे’ असे ठामपणे सांगण्यात आले होते. घरी आणल्यावर लक्षात आले, की तो आत भरलेल्या ट्रान्सपाँडरांच्या (उपग्रहावरील प्रक्षेपकांच्या) जुन्या यादीवरून एकेक नोंद तपासत होता आणि यादीत नसलेले काहीही त्याला दिसत नव्हते. खरा ब्लाइंड स्कॅन करणारे बॉक्सही मोठ्या पायऱ्या टाकत पुढे जातात आणि कमी सिम्बॉल रेटच्या बारीक लहरी ओलांडून जातात. नेमक्या याच बारीक लहरींवर वृत्तवाहिन्यांच्या ओबी व्हॅनमधून जाणारे तात्पुरते प्रक्षेपण असते, आणि छंदिष्टाला तेच हवे असते. निवेदक केस सावरतो आहे, मागे सभेचा मांडव उभा राहतो आहे, ध्वनी अजून जोडलेला नाही, असे दृश्य पाहण्यात जी मजा आहे, ती ज्याने एकदा अनुभवली तो यादीवरच्या स्कॅनवर समाधान मानत नाही.

लिनक्स रिसीव्हरची गोष्ट येथूनच निराळी होते. ड्रीमबॉक्स आणि व्हीयू प्लस ही या गटातील जुनी, परिचित नावे असून एनिग्मा-२ नावाची प्रणाली त्यांचा प्राण आहे. ओपन एटीव्ही किंवा ओपन पीएलआयसारखी मुक्त आवृत्ती त्यात टाकता येते, म्हणजे कंपनीने हात वर केले तरी यंत्र निकामी होत नाही. वाहिन्यांची यादी संगणकावर बसून नीट लावता येते, हार्ड डिस्कवर मूळ प्रवाह जसाच्या तसा साठतो, घरातील दुसऱ्या खोलीत मोबाइलवर तीच वाहिनी पाहता येते, आणि एकाहून अधिक ट्यूनर असल्यास एका उपग्रहावरचे रेकॉर्डिंग चालू ठेवून दुसरा उपग्रह पाहता येतो. साध्या बॉक्सवर शंभर वाहिन्यांची यादी रिमोटने हलवत बसलेल्या माणसाला संगणकावर यादी लावण्याच्या एका सोयीचीच किंमत कळेल. मात्र किंमत साध्या बॉक्सच्या कित्येक पट असते, आणि परदेशातून मागवल्यास आयात शुल्क वेगळे. बिघडल्यावर नांदेड किंवा लातूरच्या मेकॅनिककडे त्याचा सुटा भाग मिळेल अशी आशा धरू नये. शिवाय ब्लाइंड स्कॅनच्या बाबतीत महाग म्हणजे चांगला असे समीकरण येथे चालत नाही. कित्येक लिनक्स रिसीव्हरांत ही सोय ट्यूनरच्या चिपवर अवलंबून असते आणि काहींत ती नसतेच. युरोपातील प्रेक्षकाला तयार याद्या मिळतात, म्हणून त्याचे फारसे अडत नाही, आपले अडते.

संगणकाचा ट्यूनर हा तिसरा मार्ग, आणि माझ्या मते छंद खोल गेलेल्या माणसासाठी सर्वांत समाधानकारक. टीबीएस या कंपनीची कार्डे संगणकाच्या आत बसणारी आणि यूएसबीने जोडायची अशा दोन्ही प्रकारांत मिळतात. ईबीएस प्रो किंवा क्रेझीस्कॅनसारख्या प्रणालीत संपूर्ण पट्ट्याचा आलेख डोळ्यांपुढे उभा राहतो: कोठे रुंद खांदे असलेला मोठा ट्रान्सपाँडर आहे, कोठे सुईसारखी बारीक लहर नुकतीच उगवली आहे, हे एका नजरेत कळते. साधा बॉक्स आपल्याला फक्त सापडलेल्या वाहिन्या सांगतो. आलेख न सापडलेलेही दाखवतो. दुसरा फायदा याहून मोठा आहे. व्यावसायिक प्रक्षेपणात रंगाची माहिती अधिक ठेवण्यासाठी ४:२:२ ही पद्धत वापरतात, आणि घरगुती बॉक्सच्या चिपला ४:२:० एवढेच उलगडता येते. परिणामी बॉक्सवर सिग्नल पूर्ण दिसतो, कधी आवाजही येतो, पण पडदा काळाच राहतो, आणि नवखा माणूस एलएनबी बदलत बसतो. संगणकावर हे उलगडण्याचे काम सॉफ्टवेअर करते, त्यामुळे व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरमध्येही चित्र उमटते. एकाच वाहक लहरीत अनेक प्रवाह भरण्याची मल्टिस्ट्रीम पद्धतही हाताळायची असेल, तर कार्डाच्या माहितीपत्रकात तिचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे तपासून घ्यावे.

अडचण अशी, की संगणकाचा ट्यूनर घरच्यांच्या कामाचा नाही. आईला सह्याद्री लावून द्यायची तर संगणक चालू करा, प्रणाली उघडा, मग वाहिनी निवडा. एवढ्यात बातम्या संपतात. वीज गेल्यावर तर सगळेच बसते. भारनियमनाच्या किंवा कमी दाबाच्या दिवसांत १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा साधा बॉक्स बॅटरीवरही चालवता येतो, फक्त चार्जिंगच्या वेळी बॅटरीचा दाब १४ व्होल्टच्या वर जातो, म्हणून मध्ये दाब स्थिर ठेवणारे छोटे सर्किट बसवावे. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात कोणतेही यंत्र तापते. साध्या बॉक्सचा पॉवर सप्लाय त्यामुळे गेला, तर फुगलेला कपॅसिटर तालुक्याच्या ठिकाणी शे-दीडशे रुपयांत बदलून मिळतो. ही दुरुस्तीची सोय तुलनेच्या तक्त्यांत कधी येत नाही, पण परभणी-हिंगोलीत राहणाऱ्या माणसाने तिला वजन द्यावे.

टक्केवारीविषयी एक सावधगिरी. एका बॉक्सवर सिग्नलची गुणवत्ता ८० टक्के आणि दुसऱ्यावर त्याच छत्रीवर ६० टक्के दिसली, म्हणून पहिला श्रेष्ठ ठरत नाही. प्रत्येक कंपनी आपली मोजपट्टी आपणच ठरवते. लिनक्स रिसीव्हर आणि संगणक डेसिबलमध्ये आकडा देतात, आणि तो खरोखर वापरता येतो. ८पीएसके ३/४ या डीव्हीबी-एस२च्या एका प्रकारच्या प्रक्षेपणाला चित्र येण्यासाठी सुमारे ७.९ डेसिबल लागतात. आपल्याकडे साडेआठ असतील तर पावसात चित्र फुटणार, हे आधीच कळते. लहान छत्रीने पकडायच्या, जास्त वारंवारतेच्या कु-बँडवर हा फटका जास्त, सी-बँडवर नगण्य.

रिसीव्हरला दोष देण्यापूर्वी तपासण्याच्या दोन गोष्टी मराठवाड्यात हमखास भेटतात. पहिली काळी माती. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, तिच्यात उभारलेला खांब दोन ऋतूंत हलतो. आठ फुटी छत्रीची नजर सी-बँडवर इतकी अरुंद असते, की उपग्रहापासून एक अंश सरकली तरी सिग्नल जवळपास निम्मा होतो. छत्री स्लॅबवर बसवावी, मातीच्या माळवदावर मात्र तिचे वजन टाकू नये. दुसरी गोष्ट ५जी. २०२२च्या लिलावात ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेला गेला, आणि जुने सी-बँड एलएनबी ३४००पासूनचे सर्व काही आत ओढतात. जवळ टॉवर असेल तर ते गुदमरतात आणि सगळ्या वाहिन्या एकदम जातात. यावर उपाय ३७०० ते ४२०० एवढेच घेणारा फिल्टरयुक्त एलएनबी हा आहे, नवा रिसीव्हर हा नव्हे.

‘सर्व पैशांच्या वाहिन्या फुकट’ असे सांगून विकले जाणारे बॉक्स या तुलनेत धरलेले नाहीत. तो बेकायदा व्यवहार आहे, आणि सर्व्हर बंद पडला की बॉक्सही विटेच्या मोलाचा होतो.

माझा कौल असा. छत्री अजून घ्यायची असेल, तर पैशाचा मोठा वाटा छत्री, एलएनबी आणि चांगल्या आरजी-६ केबलला द्यावा आणि साध्या एस२ बॉक्सने सुरुवात करावी. वर्षभरानंतरही रस टिकला, तर लिनक्स रिसीव्हर मध्ये न घेता थेट ट्यूनर कार्ड घ्यावे, आणि जुना बॉक्स घरच्यांसाठी व छत्री लावण्यासाठी ठेवावा. लिनक्स रिसीव्हर मी अशालाच सुचवीन, ज्याला शोधण्यापेक्षा साठवण्यात गोडी आहे. ज्याला रोज ठरावीक कार्यक्रम रेकॉर्ड करून नीट नावानिशी ठेवायचे असतात. फ्लॅटमध्ये राहणारा, ज्याला दोन फुटी छत्रीच्या पुढे जाता येत नाही, त्याने महाग यंत्राच्या वाटेला जाऊ नये. कु-बँडवर मोफत वाहिन्या पाहायला साधा बॉक्स पुरतो.

साधा बॉक्स घेताना दुकानदाराला तो त्याच्याच छत्रीवर जोडायला सांगावे. आधी फॅक्टरी रिसेट करून सर्व वाहिन्या पुसून टाकाव्यात, मग ट्रान्सपाँडरांची यादीही पुसावी आणि त्यानंतर ब्लाइंड स्कॅन सुरू करावा. यादी रिकामी असताना बॉक्सने वाहिन्या आणल्या, तरच पैसे द्यावेत.