दाराबाहेरचा सेन्सर दिवा : पीआयआर, रडार की सौर, आणि त्यांच्यावरच्या नॉबांचे अर्थ

घराबाहेर माणसाची चाहूल लागताच पेटणारा दिवा घ्यायला गेले की दुकानदार साधारणपणे तीन प्रकारचा माल समोर ठेवतो : पीआयआर म्हणजे उष्णता टिपणाऱ्या सेन्सरचा, मायक्रोवेव्ह म्हणजेच रडार सेन्सरचा, आणि वायर न ओढता भिंतीवर ठोकता येणारा सौर दिवा. बहुतेक ग्राहक वॅट, वॉरंटी आणि किंमत पाहून निवड उरकतात. पुढे तक्रारी येतात त्या मात्र वेगळ्याच असतात. दिवा भरदिवसा पेटतो, माणूस उंबऱ्यापाशी पोचेपर्यंत पेटतच नाही, मांजर गेले तरी पेटतो, किंवा कुलूप उघडता उघडता विझतो. या चारही तक्रारींचा वॅटशी संबंध नाही. सेन्सर कोणत्या जातीचा आहे, तो कोठे बसवला आहे आणि त्याचे नॉब कोठे ठेवले आहेत, यावर सारे अवलंबून असते. म्हणून जागा आधी ठरवावी, सेन्सर तिच्यानुसार निवडावा आणि वॅटचा विचार शेवटी करावा, असे माझे मत आहे.

विजेच्या बचतीचा मुद्दा सुरुवातीलाच निकालात काढलेला बरा. दहा वॅटचा एलईडी दिवा संध्याकाळी सातपासून सकाळी सहापर्यंत सलग जळला तरी महिन्याला सुमारे ३.३ युनिट वीज लागते. सेन्सर स्वतः चोवीस तास जागा असतो आणि त्यासाठी अर्धा वॅट धरला, तर त्याचेच महिन्याला ०.३६ युनिट होतात. म्हणजे बचत तीन युनिटांच्या आतली आहे. ज्या काळी अंगणात ५०० वॅटचा हॅलोजन जळत असे आणि एका रात्रीत साडेपाच युनिट खात असे, त्या काळी हा हिशेब महत्त्वाचा होता. आज सेन्सर घ्यायचा तो सोयीसाठी, सुरक्षिततेसाठी, आणि शेजाऱ्याच्या खिडकीत रात्रभर झोत जाऊ नये यासाठी.

दोन सेन्सर, दोन वेगळे स्वभाव

पीआयआर सेन्सर स्वतः काहीही सोडत नाही; समोरून येणारे अवरक्त किरण, म्हणजे उष्णता, तो टिपतो. त्याच्यापुढची दुधाळ, खवल्याखवल्यांची प्लॅस्टिकची भिंग समोरच्या जागेचे पंख्याच्या पात्यांसारखे पट्टे पाडते आणि उबदार शरीर एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात गेले की सेन्सरला फरक जाणवतो. त्यामुळे आडवे चालत जाणारे माणूस त्याला लांबूनही कळते, पण सरळ त्याच्याच रोखाने येणारे माणूस बराच वेळ एकाच पट्ट्यात राहत असल्याने उशिरा कळते. रडार सेन्सरचे याच्या अगदी उलट आहे. तो साधारणपणे ५.८ गिगाहर्ट्झच्या क्षीण लहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवर आपटून परत येणाऱ्या लहरींतला फरक मोजतो. वाहनांचा वेग मोजणाऱ्या स्पीडगनचे तत्त्वही हेच आहे. त्याला जवळ येणारी किंवा दूर जाणारी हालचाल चटकन कळते आणि आडवी हालचाल तुलनेने कमी. (लहरींची शक्ती मोबाइलच्या तुलनेत नगण्य असते, त्यामुळे त्या बाबतीत धास्ती घेण्याचे कारण नाही.)

निवडीच्या दृष्टीने हा फरक सर्वांत मोलाचा आहे आणि खोक्यावर तो क्वचितच छापलेला असतो. फाटकातून शिरून अंगण तिरपे ओलांडून दाराशी येणारी वाट असेल, तर घराच्या भिंतीवरचा पीआयआर उत्तम काम करतो. दोन घरांमधला लांब, अरुंद बोळ असेल आणि दिवा बोळाच्या टोकाला बसवायचा असेल, तर पीआयआर माणूस जवळ येईपर्यंत थांबेल. तेथे रडार घ्यावा, किंवा पीआयआर टोकाऐवजी बोळाच्या बाजूच्या भिंतीवर आडवा बसवावा.

दुसरा फरक आडोशाचा. काचेतून पीआयआरला काहीही दिसत नाही, कारण शरीराची उष्णता साध्या काचेतून पार होत नाही. रडार मात्र काच, प्लॅस्टिक, लाकडी दार आणि पातळ भिंतही ओलांडतो. इमारतीच्या जिन्यात बंद गोल शेडच्या आत सेन्सर लपवायचा असेल, तर रडारला पर्याय नाही. पण तोच रडार फ्लॅटच्या दाराबाहेर लावला, तर आत दिवाणखान्यात कोणी पाणी प्यायला उठले तरी बाहेर दिवा पेटतो. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात अंगणालगत माडाच्या झावळ्या आणि केळीची पाने वाऱ्याने हलत असतील, तर रडारचा दिवा रात्रभर उघडझाप करत राहतो. झाडाझुडपांच्या आवारात मी रडार सुचवणार नाही.

तिसरा फरक उन्हाळ्याचा. पीआयआरच्या पाठीवर १२ मीटरचा पल्ला छापलेला असतो, आणि अनेकदा त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत २४ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानाची अट असते. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे रात्री आठ वाजताही भिंती आणि फरशी तापलेल्याच असतात. शरीर आणि मागची भिंत यांच्यातला उष्णतेचा फरक कमी होतो आणि पल्ला आखडतो. तोच सेन्सर डिसेंबरात रस्त्यावरून जाणाऱ्यालाही टिपू लागतो. रडारला तापमानाचे सोयरसुतक नाही. विदर्भ-मराठवाड्यात पीआयआर लावायचा असेल, तर संवेदनशीलतेचा नॉब वर्षातून दोनदा हलवावा लागेल हे गृहीत धरावे, आणि त्या दृष्टीने तो शिडीवरून हात पोचेल अशा जागी असावा.

टाइम, लक्स, सेन्स

वायरवर चालणाऱ्या बऱ्याच सेन्सरांना तीन नॉब असतात : टाइम म्हणजे वेळ, लक्स म्हणजे उजेड (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक), आणि सेन्स म्हणजे संवेदनशीलता. यांपैकी टाइमचा अर्थ सरळ आहे : दिवा किती वेळ जळावा. साधारण दहा सेकंदांपासून सात ते पंधरा मिनिटांपर्यंत, मॉडेलप्रमाणे, तो फिरतो. लक्षात ठेवायचे ते एवढेच की वेळ दिवा पेटल्यापासून नव्हे, तर शेवटच्या हालचालीपासून मोजली जाते. अंगणात मुले खेळत असतील तर दिवा विझणार नाही आणि तो बिघाड नव्हे. जिन्याला एक मिनिट पुरते. दाराशी कुलूप उघडायला, हातातल्या पिशव्या खाली ठेवून किल्ली शोधायला दोन मिनिटे लागतात, आणि त्या वेळी माणूस जवळजवळ स्थिर उभे असते, त्यामुळे तेथे दोन-तीन मिनिटांपेक्षा कमी ठेवू नये.

सर्वांत जास्त गैरसमज लक्सच्या नॉबविषयी आहे. त्याच्या एका टोकाला चंद्रकोर आणि दुसऱ्या टोकाला सूर्य काढलेला असतो, आणि सूर्याकडे फिरवल्यास दिवा अधिक प्रखर होईल असे समजून अनेक जण तो तिकडे नेऊन ठेवतात. प्रत्यक्षात हा नॉब आजूबाजूला किती उजेड असताना सेन्सरने काम करावे हे ठरवतो. सूर्याच्या टोकाला तो दिवसरात्र काम करतो, म्हणून दिवा भरदुपारी पेटतो. चंद्राच्या टोकाला, म्हणजे साधारण ३ लक्सपाशी, पुरता अंधार पडल्यावरच करतो. पौर्णिमेचे चांदणे लक्सच्या एका अंशाइतके असते, त्यामुळे चंद्राचे चिन्ह असले तरी चांदण्याने दिवा अडत नाही. अडतो तो रस्त्यावरच्या दिव्याने. महापालिकेचा खांब फाटकासमोरच असेल, तर त्याचा उजेड ३ लक्सपेक्षा सहज जास्त होतो आणि चंद्राच्या टोकाला ठेवलेला सेन्सर कधीच पेटत नाही. ग्राहक मग चांगला माल परत करतो.

बसवताना क्रम असा ठेवावा. दिवसा चाचणी घेण्यासाठी लक्स सूर्याकडे, टाइम सर्वांत कमी, सेन्स मध्यावर. वीज सुरू केल्यावर पीआयआरला स्थिरावायला अर्धा मिनिट द्यावा. त्या वेळी दिवा आपोआप पेटलेला दिसेल. मग ज्या वाटेने माणसे येतात त्या वाटेने चालून पाहावे आणि सेन्सरचे डोके हवे तसे वळवावे. लक्स मात्र दिवसा लावता येत नाही. संध्याकाळी, आता दिवा हवा असे वाटेल त्या क्षणी, नॉब चंद्राच्या टोकाला नेऊन सूर्याकडे अगदी सावकाश फिरवत यावे, समोर हात हलवत राहावे, आणि दिवा जेथे पेटेल तेथेच नॉब सोडावा. हे नॉब बहुतेक ठिकाणी सेन्सरच्या पोटाशी, चपट्या पेचकसाने फिरवण्याजोगे असतात आणि शिडीवरून मान वाकडी करूनच दिसतात. फिरवण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवला तर मूळ जागा विसरत नाही. टोकाला लागल्यावर जोर लावू नये, आतला प्लॅस्टिकचा दांडा लगेच तुटतो.

दिवा स्वतःच पेटतो-विझतो, पेटतो-विझतो असे करत असेल, तर बहुधा त्याचाच उजेड समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून परतून सेन्सरवर पडत आहे, किंवा दिव्याची उष्णता पीआयआरपुढे येत आहे. अशा वेळी नॉब फिरवत बसण्यापेक्षा दिवा आणि सेन्सर यांच्यात अंतर वाढवावे. बसवायची जागा निवडतानाच एसीचे बाहेरचे युनिट, गॅस गिझरची नळी आणि मावळतीचे थेट ऊन समोर येणार नाही हे पाहावे.

सेन्सचा नॉब पल्ला ठरवतो, पण पीआयआरमध्ये त्यापेक्षा उंची, कल आणि भिंगेवर चिकटवलेली टेप यांचा परिणाम मोठा असतो. दोन ते अडीच मीटर ही योग्य उंची. पहिल्या मजल्याच्या स्लॅबखाली चार मीटरवर लावलेला सेन्सर अगदी खालच्या माणसाला चुकवतो. कुत्र्या-मांजरांचा त्रास असेल किंवा रस्त्याकडची हालचाल नको असेल, तर भिंगेच्या नेमक्या त्या भागावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवावी. बाजूचे खवले झाकले की बाजूचे पट्टे बंद होतात, खालची ओळ झाकली की पायथ्याशी फिरणारे मांजर दिसेनासे होते. टेप एकेक बोट सरकवत, प्रत्येक वेळी चालून पाहत लावावी. रडारला ही सोय नाही, त्याच्यापुढे टेप लावून उपयोग नसतो. तेथे सेन्सचा नॉबच खरा, म्हणून तो नसलेला रडार दिवा मोकळ्या आवारासाठी घेऊ नये. कोळ्याचे जाळे आणि भिंगेवर बसणारी पाल मात्र कोणत्याही नॉबने सुटत नाही. फडके मारणे हाच उपाय.

सौर दिवे आणि सेन्सर बल्ब

सौर दिव्यात बहुधा पीआयआरच असतो, पण नॉब नसतात. एकच बटण दाबून तीन पद्धतींपैकी एक निवडायची असते. पहिलीत दिवा पूर्ण विझलेला राहतो आणि चाहूल लागल्यावर प्रखर पेटतो, दुसरीत मंद जळतो आणि चाहुलीला प्रखर होतो, तिसरीत सेन्सर बाजूला ठेवून रात्रभर मंद जळतो. लक्सचे काम पॅनेलच करते : त्यावर उजेड पडणे थांबले की रात्र झाली असे धरले जाते, म्हणून रस्त्याच्या दिव्याखाली असा दिवा पेटतच नाही. जुलैत आठ-आठ दिवस आभाळ भरलेले असताना दुसरी किंवा तिसरी पद्धत ठेवली, तर पहाटेच्या आत बॅटरी संपते. पावसाळाभर पहिलीच ठेवावी. पॅनेल दक्षिणेकडे आणि छज्ज्याच्या सावलीबाहेर हवे. खोक्यावरचा एलईडींचा आकडा, शंभर असो की दोनशे, काहीही सांगत नाही. बॅटरीची क्षमता पाहावी. भारनियमनात चालू राहणे हा याचा खरा गुण आहे, आणि गोठा, विहीर, शेतातले घर अशा ठिकाणी, जेथे वायर ओढण्याचा खर्च दिव्याहून जास्त होईल, तेथे मी विचार न करता सौर दिवाच घेईन. मुख्य दारासाठी घेणार नाही.

पिनच्या होल्डरमध्ये थेट बसणाऱ्या सेन्सर बल्बांना बहुधा एकही नॉब नसतो. वेळ आणि उजेडाची मर्यादा कारखान्यात ठरते. भाड्याच्या घरात, जेथे भिंतीला हात लावायचा नाही, तेथे ते ठीक. बंद काचेच्या शेडमध्ये टाकायचा असेल तर रडारचाच बल्ब घ्यावा. या बल्बांची एक अडचण घरातल्या माणसांची आहे : निजानीज झाली की आजोबा सवयीने बाहेरचे बटण बंद करतात आणि त्याबरोबर सेन्सरही झोपतो. उलट काही मॉडेलांत बटण पटकन बंद-चालू केले की दिवा कायम पेटलेला राहण्याच्या पद्धतीत जातो. वीज क्षणभर जाऊन आली तरी हेच घडते. सकाळी दिवा जळताना दिसला तर बटण बंद करून थोड्या वेळाने पुन्हा चालू करावे.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी उलटवून पाहाव्यात. एक आयपी, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा : आयपी ४४ चा सेन्सर उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांना पुरतो, म्हणून पोर्चखाली चालतो. उघड्या भिंतीवर, विशेषतः घाटमाथा आणि किनारपट्टीवर, आयपी ६५ हवा. आणि वायरी दोन आहेत की तीन, हे बघावे. फेज, न्यूट्रल आणि दिव्याकडे जाणारी फेज अशा तीन वायरींचा सेन्सर एलईडीसाठी योग्य. दोन वायरींच्या सेन्सरला न्यूट्रल नसल्याने तो दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढतो आणि एलईडी विझलेला असतानाही मिणमिणत राहतो. दिव्याच्या पॉइंटवर न्यूट्रल असतोच, तेव्हा सेन्सर तेथे बसवायचा असेल तर तीन वायरींचाच मागावा. बटणाच्या जागी सेन्सर बसवायचा असेल, तर त्या पेटीत न्यूट्रल आला आहे का हे वायरमनकडून मेन बंद करून आधी तपासून घ्यावे आणि मगच दुकानात जावे.